पांढरी टोपी

सोमवार, ४ मार्च

हो म्हणून बसलो! साहेबांनी बेकरीत भट्टीपाशीच विचारलं, "सुपरवायझर होणार का?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं "हो". पाळी पहाटेची आहे हे त्यांनी नंतर सांगितलं. छे, खोटं! आधीच सांगितलं होतं. मी कानाआड केलं.

घरी दोघींना म्हणालो, "सुपरवायझरचं विचारलंय, पाळी पहाटेची. बघू."

मंगळवार, ५ मार्च

ही हॉस्पिटलात नर्स, उजाडायच्या आत बाहेर पडते. म्हणून ठमीची सकाळ माझी — दूध, डबा आणि मुख्य म्हणजे वेण्या. लेकीचे केस कमरेपर्यंत! शिकायला अख्खी सुट्टी गेली. आता पावाचं पीठ मळणारे हे हात अशा वेण्या घालतात की बाई विचारतात, "आईने घातल्या का गं?" ठमी मान उडवून सांगते, "बाबाने!"

आज केस ओढले गेले. "बाबा, लक्ष कुठंय तुझं?"

वेणी सोडून पुन्हा घातली.

बुधवार, ६ मार्च

टोपी मिळाली. कामगारांची निळी, सुपरवायझरची पांढरी. पोरं "साहेब, साहेब" करून चेष्टा करत होती. लाज वाटली — पण गोडही वाटलं. घरी आणून कपाटात स्वेटरांखाली दडवली. चोराच्या मनात चांदणं!

हिने विचारलं, "हो म्हणालास तर सकाळी ठमीचं कोण करणार?"

"वरच्या मावशी आहेत की."

"त्यांचे हात थरथरतात. वेण्या कशा घालतील?"

मी पेपरात डोकं खुपसलं.

गुरुवार, ७ मार्च

अजून सांगितलं नाही. भित्रा!

शुक्रवार, ८ मार्च

ठमी आज गप्प. एरवी वेणी होईस्तोवर तोंडाचा पट्टा चालू असतो. गारठा असावा, स्वेटर घालून बसली होती. वेणीला रिबीन बांधताना एकदम ठरलं — नको ती पाळी. तोंडघशी पडेन, पडू दे.

शनिवार, ९ मार्च

नकार दिला. साहेब म्हणाले, "पुन्हा विचारणार नाही हां." टोपी सोमवारी परत करतो म्हटलं. किती हलकं वाटतंय! आता घरी जाऊन हिला सगळं खरं सांगायचं.

शनिवार, संध्याकाळ

दार ठमीने उघडलं. डोक्यावर पांढरी टोपी. हसत काढली — केस कानापर्यंत.

"मावशींबरोबर जाऊन कापून आले. आता मला कुणी लागत नाही, बाबा. तू खुशाल साहेब हो!"

नकाराचं ठमीला अजून सांगितलेलं नाही.