फोल्करचे नाव कोरले जावे म्हणून

लिहून ठेवणार : ओट्टमार हासेनकाम्प, वय एकोणसत्तर, निवृत्त जनरल, राहणार गोस्लार. छाती थकली आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही धाकाने नव्हे, माझ्या मर्जीने मिळकतीची व्यवस्था लावतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिले तेव्हा माझा मुलगा फोल्कर जिवंत होता.

१. राहते घर, परसातल्या सफरचंदाच्या झाडांसह, सून आनेलोरे हिला पूर्ण मालकीने मिळावे. पहिल्या महायुद्धात मी फ्लँडर्सच्या चिखलात दोन बोटे गमावली; दुसऱ्यात रशियात माझी जवळजवळ सगळी डिव्हिजन गेली आणि मी कैदेत पडलो. सुटून आलो तेव्हा स्टेशनावर ती एकटीच उभी होती.

"फोल्कर कुठल्या आघाडीवर पडला?" मी विचारले.

"पडला नाही, बाबा. आपल्याच लोकांनी गोळी घातली. बंदूक टाकून घरी यायला निघाला होता." मग म्हणाली, "चला, सूप गार होईल."

पळपुट्याची बायको म्हणून तिला पेन्शन नाकारली. लोकांचे कपडे शिवून तिने दिवस काढले, माझ्या पत्नीचे, इर्मेलाचे, शेवटचे आजारपणही काढले.

२. घराण्याच्या थडग्यावर फोल्करचे नाव कोरल्याशिवाय मला तिथे पुरू नये. धाकटा भाऊ गेबहार्ट आड येतो. ईस्टरच्या जेवणात म्हणाला, "दादा, त्या दगडावर तीन पिढ्यांचे सैनिक आहेत. पळपुट्याला तिथे जागा नाही."

"मी तर उरलेल्या पोरांसह रशियनांपुढे हात वर केले. मला काय म्हणशील?"

"तुझी गोष्ट वेगळी. तू जनरल."

दोन्ही युद्धे पुरवठा कचेरीत काढलेल्या या माणसाने मग आणखी केक वाढून घेतला.

३. वडिलांची तलवार गेबहार्टला द्यावी. लहानपणापासून त्याचा तिच्यावर डोळा आहे. माझा गणवेश आनेलोरेने उसवावा, कापड चांगले लोकरी आहे. अंत्यविधीला बंदुकांची सलामी नको. तिला तो आवाज ऐकवू नये.

पुरवणी : वरचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा आनेलोरे चिडली. "तुम्ही जिवंतपणी भावापुढे गप्प बसायचं, आणि तुमच्यामागे मी भांडायचं होय?"

म्हणून काल पाथरवटाला घेऊन थडग्यापाशी गेलो. गेबहार्ट धावत आला. "दादा, घराण्याला काळिमा फासतोयस! मी मेल्यावर इथे येणार नाही."

"नको येऊस," मी म्हणालो, आणि पाथरवटाला हात चालवायला सांगितले.

नाव कोरले गेले, सबब कलम दोन रद्द. त्या दगडाखाली फोल्कर नाही. त्याला कुठे पुरले ते कोणी सांगत नाही. आनेलोरेने ओल्या फडक्याने अक्षरांतली धूळ पुसली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

सही : ओट्टमार हासेनकाम्प

आमच्यासमक्ष सही केली :
डॉ. लुडगर ब्रिंकमायर, वैद्यकीय व्यवसाय
टेओबाल्ड क्नूप, पाथरवट

गोस्लार, ११ नोव्हेंबर १९५७