जॅकोबियन, मी आणि गव्हाण फाटा

१ जानेवारी
संकल्प. या वर्षी जॅकोबियन कन्जेक्चर सिद्ध करायचं. बस. वजन, योगा, इंग्लिश सुधारणं वगैरे फुटकळ संकल्प रद्द.

प्रश्न तसा सोपा आहे. काही सूत्रं आकडे घेतात आणि दुसरे आकडे देतात. अशा सूत्रांची डेरिव्हेटिव्हवरून एक ठरावीक चाचणी असते. ती पास झाली, तर सूत्र उलटं फिरवून मूळ आकडे परत मिळतात का? ऐंशीहून जास्त वर्षं जगातल्या थोर लोकांना जमलेलं नाही. थोर लोक घाई करतात.

पीएच.डी.चे गाईडसर म्हणतात, आधी तुझा तीन व्हेरिएबलचा छोटा प्रश्न संपव, मार्चअखेर थिसिस दे, सातवं वर्ष चालू आहे. छोटे प्रश्न छोट्या माणसांना द्यावेत, असं माझं मत आहे. सरांना अजून सांगितलेलं नाही.

उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

२ जानेवारी
साडेआठला उठलो. प्रश्नाच्या विचारात झोप लागली नाही. म्हणजे लागली, पण विचारात लागली.

८ जानेवारी
टीव्ही काढून हॉलमध्ये व्हाइटबोर्ड लावला. बायको, रंजिता, पोस्टातल्या ड्युटीवरून दमून आली. बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टीव्ही उचलून बेडरूममध्ये नेला. मागोमाग आईही गेली. आई सध्या गव्हाणहून आमच्याकडे कामोठ्याला आली आहे. तिथे विमानांचा आवाज होतो म्हणते. जाता जाता म्हणाली, ह्यो फला भाजीवाल्याला शोबंल.

हॉल आता पूर्ण माझा. संशोधनाला शांतता लागते. बेडरूममधून सिरियलचं रडणं.

१९ जानेवारी
झालं.

शेअर रिक्षात पनवेलला कॉलेजवर शिकवायला जाताना, कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये, दोन माणसांच्या मध्ये दाबलेला असताना सुचलं. चाचणी पास झाली म्हणजे सूत्र प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं उलटतंच. ते तुकडे एकमेकांना जोडायचे. संपला प्रश्न. चार पानं. जगाने ऐंशी वर्षांत तुकडे जोडायचा विचार केला नाही, याचं आश्चर्य वाटतं आणि नाहीही.

झेरॉक्सवाल्या झुबेरने विचारलं, सर, अकरावीच्या नोट्स का? हसलो. इतिहास घडताना जवळच्या माणसाला दिसत नाही.

२१ जानेवारी
स्टाफरूममध्ये ताहिरा मॅडमना पानं दाखवली. आमच्या डिपार्टमेंटला दोन वर्षांपूर्वी आल्या. उरणच्या. मोठ्या संस्थेतून पीएच.डी. पूर्ण करून आल्या आहेत, म्हणून थोडं जपून बोलावं लागतं. त्यांचा विषय नॉनकम्युटेटिव्ह जॉमेट्री. म्हणजे आधी अ मग ब, आणि आधी ब मग अ, यांत फरक पडतो. यात रिसर्च काय? आधी रंजिताला विचारून मग टीव्ही काढणं आणि आधी टीव्ही काढून मग रंजिताला विचारणं, यातला फरक कुठलाही नवरा सांगेल.

त्यांनी पानं नीट वाचली. मग हळूच विचारलं, सर, कॅरेक्टरिस्टिक झिरो कुठे वापरलंय? म्हणजे आपले नेहमीचे आकडे, जिथे एकात एक कितीही वेळा मिळवला तरी शून्य येत नाही, हा गुण सिद्धतेत कुठे कामाला आला?

मी म्हणालो, सगळीकडे.

त्या म्हणाल्या, एखादी ओळ दाखवाल का?

मी म्हणालो, मॅडम, झाड बघा, पानं मोजू नका. त्यांनी पानं परत दिली. तरुण आहेत, शिकतील.

३० जानेवारी
गाईडसरांचा फोन. चॅप्टर तीन कुठे आहे? म्हणालो, सर, काहीतरी मोठं येतंय. केवढं मोठं? म्हणालो, फोनवर सांगता येणार नाही. सरांनी फोन ठेवला. भारावले असावेत.

५ फेब्रुवारी
परदेशी जर्नलला पेपर पाठवला. लगेच ईमेल: मिळाला, आभारी आहोत. एवढा तत्परपणा ते सगळ्यांना दाखवत नसणार. रंजिता म्हणाली, अहो, ते आपोआप येतं. मला पासपोर्टवाल्यांचंही आलं होतं. पोस्टातल्या माणसांना ईमेलचा राग असतोच.

८ फेब्रुवारी
आई दोन दिवस गव्हाणला जाऊन आली. गोऱ्या लोकांना जे जमलं नाही ते आमच्या अंकुशने केलं, असं गावभर सांगून आली. चुलतभाऊ बाळ्याचा फोन. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. १ मार्चला मंडळाचा गुणगौरव आहे, दादा, तुमचा सत्कार ठेवलाय.

मी नको म्हणालो. पेपर छापून येऊ दे म्हणालो. बाळ्याने फोटो मागितला. एक ब्लेझरमधला पाठवला, एक गॉगलमधला. निर्णय त्याच्यावर सोडला.

२० फेब्रुवारी
डिपार्टमेंट सेमिनार. विषय: माझी सिद्धता. हजर: एम.एस्सी.ची मुलं, समोसे येईपर्यंत प्राचार्य, आणि ताहिरा मॅडम.

शेवटी मॅडम उठल्या. खडू मागितला. म्हणाल्या, सर, अशी दुनिया घेऊ जिथे पाच म्हणजे शून्य. घड्याळात बारानंतर परत सुरुवात होते, तसं इथे पाचला. या दुनियेत एक्स वजा एक्सचा पाचवा घात हे सूत्र घ्या. याचं डेरिव्हेटिव्ह एक येतं, कारण बाकीच्याला पाचने गुणलेलं आहे आणि पाच म्हणजे शून्य. म्हणजे तुमची चाचणी पास. आता यात शून्य, एक, दोन, तीन, चार घालून बघा.

मुलांनी घालून बघितलं. पाचही वेळा शून्य. पाच माणसं एकाच खुर्चीवर. आता शून्य दिलं तर आधी कोण होतं ते परत सांगणार कसं?

मॅडम म्हणाल्या, सरांची सिद्धता मी ओळीओळीने इथे चालवून पाहिली. चालते. म्हणजे जे खोटं आहे तेही तिच्यातून सिद्ध होतं.

मी म्हणालो, ती दुनिया वेगळी, आपला तिच्याशी संबंध नाही. एका मुलीने विचारलं, सर, मग आपण आपल्याच दुनियेत आहोत हे सिद्धतेला कसं कळतं?

समोसे थंड होते.

२१ फेब्रुवारी
सिद्धता दुरुस्त केली. पहिल्या पानावर वाक्य घातलं: कॅरेक्टरिस्टिक झिरो आहे असे मानू. लगेच मॅडमना व्हॉट्सॲप केलं. उत्तर आलं, सर, वाक्य लिहिलंत पण वापरलं नाहीत. हेल्मेट हँडलला अडकवून गाडी चालवल्यासारखं आहे.

मॅडमना विनोदबुद्धी आहे हे माहीत नव्हतं.

२३ फेब्रुवारी
स्वतः ओळीओळीने चालवून पाहिली. पाच म्हणजे शून्य धरून.

चालते.

तुकडे जोडता येतातच, हे मी कुठे दाखवलंय ते शोधलं. कुठेच नाही. "स्पष्ट आहे" एवढं लिहिलंय.

जेवलो नाही. रंजिताने ताट झाकून ठेवलं.

२६ फेब्रुवारी
जर्नलचं उत्तर. आपला लेख आमच्या वाचकांसाठी योग्य नाही. एकच ओळ. वाचकांची पातळी कमी असेल, असं लिहायला पेन उचललं. राहू दे.

२७ फेब्रुवारी
सत्कार रद्द करायला गव्हाणला गेलो. फाट्यावर बॅनर. गॉगलवाला फोटो. "गव्हाणचे भूषण, जागतिक गणितज्ञ प्रा. अंकुश घरत यांचे हार्दिक अभिनंदन." खाली बाळ्याचा फोटो, माझ्यापेक्षा मोठा.

बाळ्याला सांगितलं की सिद्धतेत चूक आहे. तो म्हणाला, दादा, आमाला त्यातलं काय कलतं? मटण सांगून ठेवलंय. आता मागं नाय घेता येत.

१ मार्च
सत्कार. माझ्याआधी पोलीस भरतीत लागलेली चिंधीमावशीची नात, मग शर्यत जिंकलेला बैल. बैल स्वतः हजर होता. त्याला टाळ्या जास्त.

शाल, नारळ घेतला. माइक हातात आला. आई पहिल्या रांगेत नवीन लुगड्यात. रंजिता तिच्या शेजारी. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. दोन वाक्यं तयार केली होती, बालपण आणि मातीचा वास वगैरे. ती आली नाहीत.

म्हणालो, माझ्या सिद्धतेत चूक निघाली. प्रश्न सुटलेला नाही.

निवेदक म्हणाला, बघा, एवढा मोठा माणूस, पण पाय जमिनीवर. टाळ्या. मी परत सांगितलं, खरंच चुकलंय. आणखी टाळ्या. कुणीतरी शिट्टी मारली. खाली उतरलो.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, खरंच चुकलास का रं? हो म्हणालो. म्हणाली, मंग आदी सांगायचा ना. मी सगल्या आलीत, घरोघर सांगून बसले.

रंजिताने कामोठ्याला उतरताना नारळ माझ्या हातातून घेतला, एवढंच.

२ मार्च
गाईडसरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. म्हणाले, चूक कुणी काढली? सांगितलं. म्हणाले, त्यांच्याबरोबर बस. थिसिसला अजून सहा महिने मागून बघतो, पण आधी बेसिक पक्कं कर.

बेसिक. मला.

५ मार्च
ताहिरा मॅडमनी स्वतःच विचारलं. सर, कम्युटेटिव्ह अल्जिब्राचं पहिल्यापासून वाचन करू या का? मीही पुष्कळ विसरलेय. त्यांना माझ्या अनुभवाची गरज आहे हे उघड दिसत होतं. हो म्हणालो. केवळ त्यांच्यासाठी.

९ मार्च
वाचन सुरू. पहिला धडा, पहिला प्रश्न. एखाद्या घटकाला स्वतःनेच गुणत गेलं आणि कधीतरी शून्य आलं, तर त्यात एक मिळवून आलेल्याने भाग देता येतो, हे दाखवा.

इतकं सोपं की करण्यात अर्थ नाही, असं म्हणालो. मॅडम म्हणाल्या, तरी करू या.

मॅडमचं लगेच झालं. वही मिटून चहा घेत बसल्या. मी लिहीत होतो. चहा संपला. शिपाई येऊन पंखे बंद करून गेला.

मॅडम म्हणाल्या, सर, हिंट देऊ का? अकरावीतलंच आहे, जॉमेट्रिक सिरीज.

अकरावीला ती मी शिकवतो. दरवर्षी.

हिंट घेतली.