फळा संपेपर्यंत

शनिवार, ८ मार्च

सासूबाईंनी आज क्रीम मागवलं. जास्तीचं! कॉफीवर आधीच एक डोंगर होता, तरी काउंटरवर बोटाने दाखवून म्हणाल्या, "अजून एवढं." सासरे गेल्यापासून ही बाई दोन घास खाऊन उठते, दिवसभर खिडकीशी बसते, विचारलं तर "मला काही नको" एवढंच. आज दवाखान्यातून येताना पाय दुखायला लागले, म्हणून कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जरा टेकवलं, तर ही तऱ्हा!

मी माझी नेहमीची घेतली. काळी, बिनसाखरेची. कॉफी म्हणजे कॉफी – तिला झालर कशाला? मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात दिवसभर मी लोकांच्या झालरीच उसवत असते. लांबी कमी करा, बाही कमी करा, हा फुगा काढून टाका. कमी करणं हाच माझा धंदा.

सासूबाईंनी माझ्या कपात डोकावून पाहिलं. "औषध आहे का?"

मग चमचा दोन्ही बाजूंनी चाटला आणि भिंतीवरचा काळा फळा मोठ्याने वाचायला लागल्या. कॉफीवालीने त्यावर सगळ्या कॉफ्या खडूने लिहिल्यात. कॅरॅमलची, हेझलनटची, चॉकलेटची, आइस्क्रीमवर ओतलेली... आणि अगदी तळाला, जागा उरली म्हणून लिहावी तशी, माझी काळी. लोक वळून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, इतक्या दिवसांत त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकलाच नव्हता.

रविवार, ९ मार्च

धाकट्या भाऊजींचा फोन. आईची खोली तयार होतेय म्हणे. तळमजला, खिडकीबाहेर बाग, सकाळचं ऊन. आमच्याकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंची खाट माझ्या शिलाई मशीनला चिकटून. इथे "थोडे दिवस" आणि मग धाकट्याकडे कायमचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. सगळ्यांनी म्हणजे सासूबाई सोडून सगळ्यांनी. आता कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यांनाही विचारायला हवं.

जेवताना नवऱ्याने विचारलं, "आई, मग कुठे राहायचं ठरवलंस?"

"तो फळा आधी पुरा करू दे. वरून खालपर्यंत. एका शनिवारी एक. मग सांगते."

नवऱ्याला ठसकाच लागला हसून. मी म्हटलं ठीक आहे. माझी काही हरकत नाही. इकडे तर इकडे, तिकडे तर तिकडे.

शनिवार, २२ मार्च

हेझलनट. वर दालचिनीची पूड. सासूबाईंचं मत – "वास चांगला, पण नुसतं बोलघेवडं आहे." आता दर कॉफीला शेरा मिळतो. मागच्या शनिवारची कॅरॅमलची मात्र "गुणाची पोर" ठरली होती.

माझ्या कॉफीला म्हणतात "ही तुझी विधवा." मी चमकून बघितलं. स्वतः विधवा होऊन तीन महिने नाही झाले आणि खुशाल हसतायत! मग मीही हसले. काय करणार.

बुधवार, २ एप्रिल

भांडण. माझ्या सुयांचा डबा आवरला! नंबरवारी लावलेल्या सुया सगळ्या "उंचीप्रमाणे" टोचून ठेवल्या. वर म्हणतात, "आता कशा शाळेत उभ्या असल्यासारख्या दिसतात." मी मशीन जरा जोरातच चालवलं. त्यांनी रेडिओ मोठा केला. मी अजून जोरात. शेवटी नवरा उठून चहा करायला गेला. तो चहावाला. कॉफीच्या बाबतीत दोन्ही पक्षांना सारखाच निरुपयोगी.

शनिवार, १२ एप्रिल

आज व्हाइट चॉकलेट. ग्लास एवढा मोठा की दोन्ही हातांनी धरावा लागला. मी नेहमीप्रमाणे पटकन संपवून बसले होते. सहज म्हटलं, "आई, एवढं गोड तुम्हाला आधीपासूनच आवडतं का?"

"मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या.

म्हणजे?

मग कळलं. सासऱ्यांच्या पोटाचं दुखणं मला माहीत होतं. आम्ही सगळे त्यांच्यासाठी वेगळं, अळणी, उकडलेलं करायचो. पण मी सून म्हणून सणासमारंभापुरती जाणारी. रोजचं मला काय दिसणार? सासरे म्हणायचे, समोर कोणी चमचमीत खात असेल तर मला गिळवत नाही. म्हणून सासूबाई तेच खायच्या जे ते खायचे. कॉफी तर घरातच यायची नाही – वासाने त्यांना जळजळ व्हायची.

"तुझ्या सासऱ्यांच्या पोटाने जेवले मी जन्मभर," म्हणाल्या. रागाने नाही हं. जसं कोणी सांगावं की आमचं घर उत्तरेला तोंड करून होतं. मग म्हणाल्या, "चांगले होते बिचारे. पण मला काय आवडतं ते बघायचं राहूनच गेलं."

टिश्यू पेपर दिला. त्यांनी ओठांवरचं क्रीम पुसलं.

मंगळवार, १५ एप्रिल

सासूबाई माझ्या शेजारी बसून उसवायला लागल्यात. मी शिवते, त्या उसवतात. तोंड चालूच. आज मास्तरांनी घरी दिलेला कोट केव्हा संपला कळलंच नाही.

शनिवार, २६ एप्रिल

पेपरमिंट. सासूबाईंनी फर्मान काढलं – ही मोजणीत धरायची नाही. नीट ढवळली नव्हती, तळाला सगळं साचलं होतं, पुढच्या शनिवारी परत घ्यावी लागेल.

"शंभर टक्के," मी म्हटलं. "न ढवळलेली कशी धरणार?"

इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

सोमवार, ५ मे

कामावरून आले तर घर गप्प. सासूबाईंना घेऊन नवरा चष्म्याचा नंबर काढायला गेला होता. मी हुश्श केलं. किती दिवसांनी मोकळं घर! काळी कॉफी केली, मशीनशी बसले. रेडिओ बंद, खाट रिकामी, त्यावर नीट घडी घातलेलं पांघरूण.

कॉफी गार झाली. मला ते घर अजिबात आवडलं नाही.

आता लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय. त्यांनी जाऊ नये. बस्स. बाग नको, ऊन नको, तळमजला नको. माझ्या मशीनच्या बाजूला राहाव्यात, माझ्या सुया हव्या तशा लावाव्यात, माझ्या कॉफीला काय वाटेल ते म्हणावं. पण हे तोंडाने कसं सांगायचं? आमच्या जिन्यावर त्या प्रत्येक मजल्याला थांबून श्वास घेतात. तिकडे एक पायरी नाही. "राहा" म्हणणं म्हणजे माझ्या हौसेसाठी त्यांचे गुडघे झिजवणं. आणि मी एकदा म्हटलं की त्या राहतील – मन मोडवणार नाही म्हणून. परत दुसऱ्याच्याच पोटाने जेवल्यासारखं. छे! ते नको. त्यांनी आपलं आपण ठरवायचं.

नवऱ्याला सांगितलं. "विचार ना सरळ!" म्हणाला.

"तुझी आई, तू विचार."

"मला काय घाई आहे?" म्हणाला आणि झोपला. धन्य आहे.

मंगळवार, ६ मे

फळ्यावर आता फार थोड्या उरल्यात.

गुरुवार, ८ मे

आज एक उद्योग करून आले. जेवणाच्या सुट्टीत कॉफीच्या दुकानात गेले, एकटीच. कॉफीवाली कपाळावर चष्मा चढवून दुधाची भांडी विसळत होती. म्हटलं, "एक काम आहे. फळ्यावर अजून काही लिहाल का?"

"काय लिहू?"

"काहीही. फक्त संपायला नको."

मग तिला सगळं सांगावं लागलं – खोली, बाग, जिना, वरून खालपर्यंत. सांगताना मला अशी लाज वाटत होती! मोठी बाई मी, खडूच्या मागे लागलेय. पण कॉफीवाली हात पुसून स्टुलावर चढलीसुद्धा. "फळा माझा, खडू माझा," म्हणाली. "आजींसाठी संत्र्याची साल घालून मोका करते. आणि मिठाची कॅरॅमल. अजून बोला ताई!"

लिहिलं तिने. माझ्या काळीच्या वर, दाटीवाटीने.

शनिवार, १० मे

सासूबाईंनी फळा वाचला. थांबल्या. नवा चष्मा काढला, पदराने पुसला, परत वाचला.

"या दोन मागच्या खेपेला नव्हत्या."

"असं?" मी म्हटलं. कॉफीवालीने पाठ फिरवली – तिचे खांदे हलत होते. बाई अगदीच कच्ची आहे खोटं बोलण्यात.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या आणि संत्र्याची मागवली.

मला एक घोट घ्यायला लावला. बळेच! म्हटलं नको, म्हणाल्या, "चव घेऊन नको म्हण." घेतला. चांगली होती. फार चांगली. हे इथे लिहिते आहे, त्यांना सांगणार नाही. "ठीक आहे" एवढंच म्हटलं आणि माझी काळी प्यायले. ती मात्र त्याहून चांगली लागली. मला साधंच आवडतं, त्याला मी काय करू?

बुधवार, १४ मे

भाऊजी हल्ली फोनवर खोलीचं नाव काढत नाहीत. घाई करतोय असं वाटू नये म्हणून असेल. स्वभावच भिडस्त. मला उलट आणखीच धाकधूक – तिकडे सगळं चकाचक तयार असणार, पडदेसुद्धा लागले असणार.

शनिवार, १७ मे

मिठाची कॅरॅमल. शेरा – "माहेरी जाऊन रडून आलेली." वा! कॉफीवालीने ते म्हणे एका कागदावर लिहून ठेवलं, गिऱ्हाइकांना सांगायला.

सासूबाई मागे टेबलावर गेल्यावर मी डोळ्यांनी फळा दाखवला. कॉफीवालीने हळूच मान हलवली. "ताई, जागाच नाही आता. जुनं पुसून नवं लिहिलं तर आजी लगेच पकडतील."

आता राहिली फक्त माझी.

शुक्रवार, २३ मे

मास्तरांच्या एका गिऱ्हाइकाची चांगली बाही आज उलटी जोडून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मास्तर म्हणाले, "लक्ष कुठंय?" म्हटलं, फळ्यावर.

शनिवार, २४ मे

दुकानात शिरलो तेव्हा कॉफीवाली माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. दोन काळ्या समोर ठेवल्या आणि पुढे कोणी उभं नसताना काउंटरच पुसत बसली.

सासूबाईंनी कप उचलला. वास घेतला. एक घोट. तोंड असं केलं की विचारू नका! पण ठेवला नाही खाली. दुसरा घोट घेतला, सावकाश.

"ही तू रोज पितेस?"

"हो."

"कोणी पी म्हटलं म्हणून?"

"नाही."

"नवऱ्याचं पोट दुखतं म्हणून? साखरेत काटकसर म्हणून?"

"नाही हो आई. मला आवडते म्हणून."

मग म्हणाल्या, "मग ठीक आहे. मला वाटायचं, तूही माझ्यासारखीच." आणि उरलेली कॉफी माझ्या कपात ओतली. "घे. मला नाही आवडली." काय तोऱ्यात म्हणाल्या! मला नाही आवडली! शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं.

मी वाट बघत होते. आता सांगतील, आता सांगतील. शेवटी मीच विचारलं, "आई... मग कुठे राहायचं?"

"उद्या सांगते. आज तोंड कडू झालंय."

येताना जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबल्या. दुसऱ्या मजल्यावर माझा हात धरला. बोलले असते तर रडलेच असते.

रविवार, २५ मे

धीर धरवेना. सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या तशी भाऊजींना फोन लावला. म्हटलं, त्यांच्या सामानाचं कसं करायचं? खोलीत कपाट आहे ना?

"कुठली खोली वहिनी? तिथे मुलीचा पियानो ठेवलाय. आईने मार्चमध्येच सांगितलं, मी थोरल्या सुनेकडेच राहणार, तिकडे येत नाही म्हणून. म्हणाली, त्यांना माझी मी सांगते, तू मध्ये बोलू नकोस. सांगितलं नाही का तुम्हाला?"

एवढ्यात सासूबाई केस पुसत बाहेर आल्या. "कोण गं?"

"राँग नंबर," मी म्हटलं.