आवळा, सोडा

३ फेब्रुवारी

म्हणे ऑपरेशन रोबो करणार! ह्यांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघालाय, वेळेत सापडला, काढून टाकू म्हणतात. डॉक्टर असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. पडद्यावर चार हातांचं धूड दाखवलं. "मी कोपऱ्यात बसून चालवतो." बसून! पेशंटला हात लावायचीही लाज वाटते वाटतं.

ह्यांनी एकच विचारलं, "ट्रम्पेट वाजवता येईल ना?" जन्म बँडमध्ये गेला, दुसरं काय सुचणार! तो म्हणाला, जोर लावला की सुरुवातीला लघवी गळते, बहुतेकांची थांबते. बहुतेकांची! ह्यांचं तोंड एवढंसं झालं. भोंगा बंद झाला तर माझ्या कानांना सुख.

९ फेब्रुवारी

झालं. पोटावर नुसती बारीक भोकं. नणंद बाहेर येईल-जाईल त्याला सांगत होती, "दादाचं रोबोनं केलं!" जसा काही दादानेच बनवलाय. गुळगुळीत बाहेर आला, केस जागच्या जागी. "सगळं निघालं." मी नुसतं बरं म्हटलं आणि जिन्यात जाऊन रडले.

१८ फेब्रुवारी

लघवीची नळी काढली. हे उभे राहिले आणि धार! घोड्याएवढा माणूस, हुंदके देऊन रडला. नर्सने पॅड दिलं, ते ह्यांनी उलटं लावलं. शेवटी मीच नीट बसवून दिलं. "काकू, पहिल्या झटक्यात जमलं की!" जमणारच.

२० फेब्रुवारी

व्यायाम शिकवायला मुलगी येते. लघवी अडवतो तसं आतून आवळायचं, मग सोडायचं. "आवळा, काका... सोडा... आवळा... सोडा..." दारात सरबताची गाडी लागल्यासारखं वाटतं!

६ मार्च

शिंकले, भिजले. खोकले, भिजले. प्रत्येक बातमी मला. मुलगा रोज फोनवर, "बाबा, आज कसं?" धाकटी लेक पॅडचे खोके धाडतेय. चार हातांचं मशीन, डॉक्टर, नर्स, ती मुलगी — अख्खी फौज एका माणसाच्या शिंकेमागे! कौतुक तरी किती करावं!

२८ मार्च

ट्रम्पेट मांडीवर घेऊन नुसतं पुसत बसले होते. "वाजवा की!"

"अगं, भिजलो तर?"

"भिजलात तर धुवू. त्यानं कुणी मरत नाही."

नाहीच वाजवलं. शांततेनंही डोकं दुखतं, हे माहीत नव्हतं.

२१ एप्रिल

गुळगुळीताने परवानगी दिली. गच्चीवर गेलो, दोघंच. ह्यांनी गाल फुगवले, मी ओरडले, "आवळा!" — आणि असा सूर निघाला की खालची म्हैस ओ देईल. परत फुंकलं. मग अख्खं गाणं! चाचपून बघितलं — कोरडे! ट्रम्पेट डोक्यावर धरून नाचले, या वयात! मी इतकी हसले, इतकी हसले, की एकदम खाली पळाले आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. "काय झालं गं?" काही नाही म्हटलं.

२२ एप्रिल

ह्यांनी परत विचारलं. सांगून टाकलं — माझंही तेच, धाकटी झाली तेव्हापासून. हसले की, शिंकले की. तिला आता स्वतःची पोर आहे. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही.

ह्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, पायाने ठेका धरला.

"आवळ," म्हणाले. "ताल मी देतो."