दोन माफीनामे

बाबा, सुट्टी काढून रिठदला आले आहे आणि तुमच्या खुर्चीवर बसून लिहितेय. तुम्ही गेल्यावरही खुर्चीचा एक पाय तसाच डुगडुगतो. सुताराला सांगते असं आई म्हणते, आणि सांगत नाही.

परदेशात मी ज्यांच्या हाताखाली काम करते, त्या सरांबद्दल तुम्हाला सांगायचंय. मातीतल्या जिवाणूंचे मोठे अभ्यासक, धर्माने ज्यू, सत्तरीचे, एकटेच राहतात. त्यांच्या देशात नवं सरकार आलं, हळूहळू वर्तमानपत्रं बंद पडली, विद्यापीठातले सोबती तुरुंगात गेले. सर तेव्हा बाहेर होते, ते बाहेरच राहिले. तिथून ते दर आठवड्याला त्या सरकारविरुद्ध लिहितात, बोलतात. त्यांच्या आजोबांनीही असंच एक सरकार पाहिलं होतं, म्हणून त्यांना या गोष्टीचा वास लवकर येतो. मी त्यांना तुमची हकिकत पुष्कळदा सांगितली आहे. संस्थेच्या सचिवांनी शाळेतली पोरं पक्षाच्या सभेला न्यायला सांगितली, तुम्ही नेली नाहीत. माफीनामा मागितला, तो दिला नाहीत आणि मानोऱ्याच्या शाळेत बदली पत्करलीत. माझं शाळेचं सगळं वय तुम्ही रविवारचे बाबा होतात. सरांना ही हकिकत फार आवडते.

आता त्यांच्यावरच ती वेळ आली. तिकडे त्यांची धाकटी बहीण आजारी आहे, फार दिवसांची सोबती नाही. वकिलातीतून निरोप आला, की आजवर लिहिलं ते खोटं होतं असं लिहून द्या, मग खुशाल येऊन भेटा. परवा शुक्रवारी आमची जेवणं उरकल्यावर त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे दिवस मावळत होता. बोलता बोलता त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या, शनिवारच्या सुट्टीआधी त्यांच्यात लावतात तशा. आई शेजारी तूर निवडत होती. तिने बुद्धाच्या फोटोपुढच्या आपल्या मेणबत्तीकडे पाहिलं, मग फोनमध्ये डोकावली.

“हा तं आपल्यातलाच हाये वं. कवा घेतली यानं दीक्षा?”

मला हसू आवरेना. सरांना सांगितलं तर तेही हसले, किती तरी दिवसांनी. मग मी आईला सगळं समजावून सांगितलं. माफीनामा म्हटल्यावर तिचा हात थांबला.

“बहिनीले इचारलं काय त्यानं?”

नव्हतं विचारलं. आजारात तिच्या जिवाला आणखी घोर कशाला, असं त्यांना वाटलं होतं.

“इचार म्हना त्याले. मले कोनी इचारलं व्हतं? तुही आजी अंथरुनावर, वावर माह्या एकटीवर. मानोऱ्याले जाऊ का लिहून देऊ, एका शब्दानं नाई इचारलं तुह्या बाबायनं. थैली भरली अन् गेले.”

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती तूर निवडत होती आणि सांगत होती. मी सरांना ते सगळं सांगितलं, काही न गाळता. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आज त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांनी बहिणीला विचारलं. लिहून देऊ नकोस, म्हणाली. रडली, मग दोघं लहानपणचं बोलत बसली. सर माफीनामा देणार नाहीत, आणि बहीण आता त्यांना दिसणार नाही. मी आईला हे सांगायला गेले तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

“मी बी नाईच म्हनलं असतं,” ती म्हणाली. “तसल्या लोकायची माफी कायले मागाची? पन मले इचाराचं व्हतं.”

बाबा, मला वाटायचं तुम्ही दोघांनी मिळून ते ठरवलं होतं. मी तर साऱ्यांना तसंच सांगत आले. तुमचा अभिमान तिळभरही कमी झालेला नाही. पण हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून लिहिते, परवाच्या शुक्रवारी मला आयुष्यात पहिल्यांदा तुमचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.