दादांच्या खोलीला पाटी नको

मी, शालूबाई भ्रतार आकाराम जाधव, पूर्वी मुलींच्या शाळेत शिक्षिका, राहणार सांगली, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दम्यामुळे हात थांबत थांबत चालतो. डोके ठीक आहे.

१. नदीकडचे राहते घर मी माझ्या पगारातून घेतले. माझे थोरले बंधू कै. नाथाजी पवार ऊर्फ दादा, मूळचे कुंडलचे, अखेरपर्यंत त्यात राहिले. साप्ताहिकातल्या लेखांनी त्यांचे नाव मोठे झाले, पण घर माझे आहे. त्यांच्या नावावर ते कोणी मागू नये.

२. हे लिहावे लागते, कारण माझा भाचा, दुसऱ्या भावाचा मुलगा हंबीरराव म्हणतो दादा लाल बावट्याचे, आणि दादांचे शिष्य आप्पासो म्हणतात दादा काँग्रेसचे. दोघांनाही दादांची पुढची खोली कचेरीसाठी हवी आहे, दारावर पाटीसह. दादांना नेले त्या दिवशी तिरडीवर कोणता झेंडा घालायचा यावरून हे दोघे अडून बसले. शेवटी हळदीचे व्यापारी कुतुबुद्दीन शेठ ओरडले, "आवं, आदी माणूस तरी उचला!" मी दादांचे जुने उपरणे घातले. तेव्हापासून हे दोघे एका बाकावर बसलेले नाहीत.

३. दादांची लिहिण्याची रीत अशी होती. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याला घरी बोलवायचे, त्याचे म्हणणे आधी लिहून त्यालाच वाचून दाखवायचे. कुतुबुद्दीन शेठ म्हणत, "न्हाई दादा, आमची बाजू अजून लंगडीच हाय." दादा पुन्हा लिहीत. "आता बराबर. आता हाणा मला!" मग दादा लेखाचा दुसरा भाग लिहीत. तो त्यांचा स्वतःचा.

हंबीररावाने दादांचे मत म्हणून पत्रकात छापला तो एका लेखाचा पहिला भाग आहे. मी त्याला म्हटले, "अरे, हे तुझंच बोलणं. तू सांगितलंस, दादांनी उतरवलं."

"व्हय आत्या, म्हंजे त्यास्नी पटलं हुतं!"

आप्पासोंच्या पुस्तिकेतही एका लेखाचा पहिलाच भाग आहे, आणि त्यातले बोलणे आप्पासोंचे. दुसऱ्या भागांत दादा दोघांशीही भांडले आहेत आणि दोघांचे थोडे थोडे घेतलेही आहे. ते कोणाचे, हे मला ठरवता येत नाही. जेवताना ते मलाही विचारत, "शालू, तुझं काय म्हणणं?" आता कोणी विचारत नाही.

४. घर खेड्यांतून सांगलीत शिकायला येणाऱ्या मुलींना राहण्यासाठी द्यावे. जात-धर्म विचारू नये. व्यवस्था कुतुबुद्दीन शेठ यांनी पाहावी. पुढच्या खोलीतही मुलीच राहतील. तिथे पाटी, झेंडा, तसबीर काही नको.

५. दादांची खुर्ची कुतुबुद्दीन शेठ यांना. ते आले की दादा ती त्यांना देऊन स्वतः बाकावर बसत.

६. दादांचा चष्मा आप्पासोंनी सभेत मांडायला नेला, तो परत केलेला नाही. तो मागून घ्यावा आणि स्वयंपाकाच्या बनुबाईला द्यावा. तिला तांदळातले खडे दिसत नाहीत. माझी तांब्याची भांडीही तिचीच.

७. दादांच्या पुण्यतिथीला घराच्या अंगणात ज्याला बोलायचे त्याने बोलावे. मात्र आधी विरुद्ध बाजूचे म्हणणे मांडावे, आणि त्या बाजूचा माणूस "व्हय, हेच" म्हणाला तरच पुढे स्वतःचे बोलावे.

८. मृत्युपत्राच्या साक्षीदाराने त्यातून काही घेऊ नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणूनच साक्षीला हंबीरराव आणि आप्पासो यांनाच बोलावले आहे. सही करण्याआधी सातवे कलम पाळायला लावले. हंबीररावाने आप्पासोंचे म्हणणे सांगितले.

"न्हाई, हे आमचं न्हवं," आप्पासो म्हणाले. हंबीररावाने पुन्हा सांगितले. आप्पासो अजून "व्हय" म्हणालेले नाहीत. पण दोघे एका बाकावर बसले आहेत, आणि बनुबाईने चहा ठेवला आहे.

वाचून, समजून सही केली.

शालूबाई भ्रतार आकाराम जाधव

साक्षीदार :
हंबीरराव पवार
आप्पासो (वरील कलम तीनमधील माझ्याविषयीचा मजकूर मान्य नाही. सही मान्य.)

सांगली, तारीख ९ फेब्रुवारी १९४७