डावी बाजू धरून

मी, दुलीचंद झामसिंग शरणागत, वय ५६, धंदा धानशेती व मंडईच्या जत्रेत रात्री होणाऱ्या दंडारीच्या खेळांसाठी नकला लिहिणे, राहणार बिरसी, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्याच उजव्या हाताने लिहून ठेवतो. शरीराने पाऊण आहे, मनाने पूर्ण. कोणाचे दडपण नाही, नशापाणी नाही. डॉक्टरांनी मीठसुद्धा तोडले आहे.

कलम १. गेल्या फेब्रुवारीत मी मृत्युपत्राचा एक कागद करून दिला होता, तो या लेखाने रद्द. त्यात लिहिले होते, "पत्नी फुलवंता आजारपणात मला सोडून गेली, सबब घर व जमीन पुतण्या भुवनेश्वर यास." वाक्य खोटे आहे, मी मात्र खोटे बोललो नव्हतो. ते कसे, हे लिहून ठेवणे भाग आहे. नाहीतर माझ्यामागे भुवनेश्वर म्हणणारच, "काकाजीचं डोस्कं कामातून गेलं होतं," आणि फुलवंता घराबाहेर.

कलम २. डोस्क्याविषयी. डॉ. सोनिका टेंभरे यांनी समजावले ते असे. मेंदूला रक्त चार पाटांनी येते, दोन मानेच्या पुढून, दोन मागून. कवटीच्या तळाशी ते एका गोल पाटात मिळतात, म्हणजे एक आटला तर बाकीच्यांनी थोडेफार भागवावे. पण त्या गोलाच्या पुढे ज्याच्या त्याच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, पाट वेगळा. माझ्या उजव्या बाजूच्या मधल्या पाटात गुठळी अडकली आणि तिच्याखालच्या बांध्या सुकल्या. उजवा मेंदू डावे अंग चालवतो. शेत एका गावी, सातबारा दुसऱ्या गावी, असा हा कारभार. डावा हात गेला, डावा पाय गेला. जीभ दोन दिवस अडखळली, मग पूर्ववत चालू लागली. गावाची निराशा झाली.

आणखी एक गोष्ट गेली, ती मला कळलीच नाही. डावी बाजू. डोळे ठीक होते, पण डावीकडे काही असते हेच मेंदू विसरला. दाढी अर्धीच करायचो. ताटातला उजवीकडचा भात संपवून ओरडायचो, "भाजी कायले नाही वाढली?" मग ताट आपोआप फिरायचे आणि भाजी उगवायची. बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ पायलटांची विमाने उजव्या आभाळात यायची आणि नाकासमोर येऊन विरून जायची. ताट कोण फिरवते, हे मी कधी विचारले नाही.

कलम ३. फुलवंताविषयी. लग्नात भटजींनी तिला उठवून माझ्या डावीकडे बसवले, ती तिथेच राहिली. दवाखान्यात अकरा दिवस आणि पुढे घरी, मेलेला हात डावा म्हणून ती डावीकडे बसून तो तेलाने चोळत होती. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, "बायको पाहा, फिरकलीबी नाही." तिचा आवाज यायचा, मी उजवीकडे तोंड करून उत्तर द्यायचो. तिथे भुवनेश्वर बसलेला असे.

कागद केला त्या दिवशी ती म्हणाली, "काऊन जी, मी इथंच तं बसून राहिली न!"

भुवनेश्वर म्हणाला, "राहू द्या काकी, काकाजीच्या मनाले तरास नोको." आणि मला, "इथं सही, काकाजी. उजवीकडे."

केली सही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी घड्याळाचे चित्र काढायला लावले. मी बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले आणि शाबासकीसाठी वर पाहिले. त्यांनी विचारले, "घरी कोण असतं?"

"पुतण्या. बायको गेली सोडून."

त्यांनी माझी हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. आणखी. आणखी. आधी एक तेलकट हात दिसला. मग बांगड्या. मग फुलवंता.

मी विचारले, "केव्हा आलीस?"

म्हणाली, "लगन झालं तवा."

तीस वर्षे नकला लिहिल्या. असे उत्तर माझ्या एकाही पात्राला सुचले नाही.

कलम ४. सबब राहते घर, पाचही बांध्या, पाण्याची बोडी व बँकेत उरेल ते, सर्व माझी स्वकष्टाची मिळकत, फुलवंताला पूर्ण मालकीने. भुवनेश्वरने रद्द कागद एकदा नीट वाचावा. पांदणीच्या डावीकडच्या दोन बांध्या त्यातल्या जमिनीच्या यादीत आलेल्याच नाहीत. जिंकला असतास तरी तीनच मिळाल्या असत्या, बाळा.

कलम ५. भुवनेश्वरला माझी मोटारसायकल. क्लचला डावा हात लागतो. आणि खाटेच्या उजवीकडची प्लास्टिकची खुर्ची, ती त्याने बसून कमावली आहे. लकवा मारला त्या दिवशी मला गाडीत घालून वेळेत गोंदियाला त्यानेच पोचवले, हेही इथे नोंदवतो. माणूस अर्धा वाईट आहे. अर्धे काय असते ते मला ठाऊक आहे.

कलम ६. तोंड वाकडे झाले, हात पडला, तेव्हा शेजारी शालीकराम "कबुतराचं रक्त चोळा, वारं निघून जाते" म्हणत पिंजरा घेऊन धावला. फुलवंताने कबुतर उडवून दिले आणि गाडी मागवली. शालीकराम या लेखाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. म्हणून रिकामा पिंजरा हयातीतच परत केला आहे.

कलम ७. नकलांच्या वह्या दंडार मंडळाला. 'लुळा पाटील' तेवढी वगळावी. ती लिहिली तेव्हा मला विनोद कळत होता, लकवा नाही.

कलम ८. दोन घड्याळे सोबत जोडली आहेत, एक तेव्हाचे, एक आजचे. आजचा मेंदू बिघडलेला म्हणाल, तर फेब्रुवारीचा त्याहून बिघडलेला होता. विमाने आता आभाळ पुरते ओलांडतात. भाजी दिसते. मी मजेत आहे.

प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला तांबडी रेघ आहे, ती छापील नाही. फुलवंताने पट्टी धरून ओढली आहे. ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच ओळ सुरू करायची, असा डॉक्टरांचा नेम आहे. या लेखातली एकही ओळ तिच्यापासून सुरू झाल्याशिवाय लिहिलेली नाही.

सही: दुलीचंद झामसिंग शरणागत

आमच्या समक्ष वाचून सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. डॉ. सोनिका टेंभरे, गोंदिया (तपासले, शुद्धीवर आहेत, तोंडाळ आहेत)
२. शालीकराम बकाराम मेंढे, बिरसी

ठिकाण: बिरसी. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.
सही करतेवेळी माझ्या डावीकडे: फुलवंता. मान वळवून खात्री केली.